कासव पाण्यात उतरेना

“सुरभे! उतर आधी खाली! त्या आंब्यावर पुन्हा चढलीस तर तंगडं मोडून हातात देईन!”

बाबांचा हा दम सुरभी आठवड्यातून चारदा ऐकायची. चारही वेळा निमूट खाली उतरायची आणि पाचव्यांदा चढायची. आज मात्र ती फांदीवरूनच ओरडली, “बाबा, कासव अजून पायरीवरच हाय! खाली जातच नाय!”

“नसंल जात! त्याला बी सुट्टी लागली असंल!” कठड्याशी दोराचा गुंता सोडवत बाबा म्हणाले, आणि गाळ काढायला आलेला हिरू खो खो हसला.

सुरभीला हसू आलं नाही. ते कासव तिच्या जन्माआधीपासून त्या विहिरीत होतं. माणसाची चाहूल लागली की डुबुक करून बुडी मारायचं. पण रविवारपासून ते पाण्याजवळच्या पायरीवर मान आत ओढून बसलं होतं. काल विहीर उपसायच्या आधी तिने त्याला हळूच पाण्यात सोडलं, तर ते धडपडत परत वर आलं. पाण्यातल्या जीवाला पाण्याचीच भीती वाटते म्हणजे काय?

आणि फक्त कासवच नव्हे! मागच्या बुधवारी सकाळी पाच मासे पोट वर करून तरंगत होते. रविवारी सकाळी अकरा मासे!

मळा होता दत्तोपंतांचा, कर्जतहून खोपोलीकडे जाताना लागणाऱ्या एका गावात. दत्तोपंत म्हणजे कर्जतच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. मळ्याची सगळी देखभाल सुरभीचे बाबा, पोपट, गेली पंधरा वर्षं करत होते. आता दत्तोपंतांच्या धाकट्या मुलाने, अनुपमने, तिथे शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या. नातवंडं ओजस आणि सानवी सुट्टीत आजोबांबरोबर इथेच मुक्कामाला असायची, आणि सुरभीशी त्यांची घट्ट गट्टी होती. सानवी आठवीत, बाकीचे दोघे सातवीत.

अनुपमकाकांना नव्या वस्तूंचं भारी वेड. यंदा त्यांनी मळ्यात चार पांढरे डबे बसवले होते. ऊन-पावसात टिकणारे प्लग, आणि चालू-बंद फोनवरून! एक फाटकाशी, एक झोपाळ्याशी, एक आंब्यावरच्या माळांसाठी आणि एक विहिरीच्या पाण्यात सोडलेल्या निळ्या दिव्यासाठी. हे शेवटचे दोन्ही डबे आंब्याच्या खोडावर दोन पुरुष उंच होते, पाहुण्यांच्या पोरांचा हात पोचू नये म्हणून. कर्जतच्या घरी सोफ्यावर बसून काका मळ्यातले दिवे लावत, विझवत आणि प्रत्येक वेळी “बघा!” म्हणत. बघायला मळ्यात बहुतेक वेळा कोणीच नसे.

मासे मेले तेव्हा हेच काका बाबांवर घसरले होते. “पोपट, ब्लिचिंग पावडर मूठमूठ टाकतोस की काय? पाहुण्यांनी मेलेले मासे बघितले तर मळ्याचं नाव खराब होईल! पुन्हा असं झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल.”

त्या दिवशी बाबा जेवले नाहीत, आणि सुरभीने मनाशी पक्कं केलं, मासे कशाने मेले ते शोधून काढायचंच!

आज मंगळवार होता. पावसाळ्याआधी तारांजवळच्या फांद्या छाटायच्या म्हणून दर मंगळवारी सकाळी नऊला लाइट जायची ती संध्याकाळी पाचला यायची. म्हणून विहिरीतली, मोटारीजवळची सगळी कामं आख्खं गाव मंगळवारी काढायचं. करंटच नाही, तर भीती कसली?

तरी सकाळी बाबांनी विचारलंच होतं, “दादा, तो पान्यातला दिवा काढून ठेवू का? वायर कठड्याला घासलीय.”

“हात लावू नकोस! वॉटरप्रूफ आहे, पोपट. आणि हे बघ, फोनवर बंदच केलाय,” असं म्हणून काकांनी फोन त्यांच्या नाकासमोर धरला. मग मोटारीच्या खोलीला कुलूप लावून, किल्ली खिशात टाकून ते खोपोलीला बाजार आणायला गेले.

बाबा आणि हिरूने मळ्यातली एकुलती एक लोखंडी शिडी शेवटच्या पायरीवरून खाली सोडली. बाबा गाळात उतरले, हिरू वर कप्पीजवळ उभा राहिला. विहिरीतून कुजल्या पानांचा वास वर आला. कासवाने मान बाहेर काढली, खाली बघितलं आणि पुन्हा आत ओढून घेतली.

झोपाळ्यावर तिघांची बैठक भरली. सानवीच्या हातात वही होती.

“बुधवारी सकाळी पाच मासे, रविवारी सकाळी अकरा,” सानवी म्हणाली. “म्हणजे जे काही झालं ते मंगळवारी आणि शनिवारी झालं.”

“शनिवारी पाहुणे असतात!” ओजस उडालाच. “त्यांनीच ओतलं असणार काहीतरी! शाम्पू, नाहीतर कोल्ड्रिंक! सापडला चोर!”

“आणि मंगळवारी कोणी ओतलं? तुझ्या भुताने? मंगळवारी इथे एकही पाहुणा नव्हता!”

वारा पडला होता. विहिरीतून फावड्याचा चुबुक चुबुक आवाज तेवढा येत होता.

“मंगळवारी...” सुरभी अडखळत म्हणाली. “मंगळवारी पाच वाजता मी गवताचा भारा घेऊन येत होते. लाइट तेव्हाच आली. आणि या आंब्यावरच्या माळा भर उन्हात पेटल्या! मला वाटलं, काकाच कर्जतहून गंमत करतायत.”

“मागच्या मंगळवारी?” सानवीने वही मिटली. “छे! काकाचा फोन तेव्हा दुरुस्तीला दिला होता. बुधवारी दुपारी मिळाला. मी होते ना त्याच्याबरोबर!”

मळ्यात कोणी नव्हतं, काकांकडे फोन नव्हता, मग माळा लावल्या कोणी?

“लाइट आली आणि पेटल्या,” सानवी हळूहळू म्हणाली. “कोणी लावल्याच नसतील तर? डबा आपला आपणच चालू झाला असेल तर? ओजस, हा झोपाळ्याचा डबा काढ! घरात इन्व्हर्टर आहे!”

घरात दत्तोपंत आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. मुलांनी डबा इन्व्हर्टरच्या प्लगला लावला, त्याला टेबलावरचा दिवा जोडला आणि डब्यावरचं बटण दाबून बंद केला. दिवा विझला.

“आता समजा लाइट गेली,” म्हणत सानवीने डबा उपटला. “आणि आता आली!”

तिने डबा परत खोचला. टिक! कोणी बटणाला बोटही लावलं नव्हतं, तरी दिवा लख्ख पेटला.

“पुन्हा कर!” ओजस ओरडला.

पुन्हा बंद केला, उपटला, खोचला. टिक! दिवा हजर! पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. एरवी या खेळाला मुलांनी टाळ्या पिटल्या असत्या. आज कोणाचा हात हलला नाही.

सुरभीच्या डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली. शनिवारी पाहुण्यांसाठी विहिरीतला दिवा लागतो, रविवारी मासे मरतात. मंगळवारी लाइट येते, चारही डबे आपोआप चालू होतात, बुधवारी मासे मरतात. पाण्यातला दिवा उन्हात कोणाला दिसत नाही. आणि त्याची वायर घासलेली आहे.

“बाबा!” तिच्या तोंडून एवढंच फुटलं.

दत्तोपंत ताडकन उठले. वर्तमानपत्र खाली पडलं. “पोरांनो, पळा! आधी पोपटला वर काढा! सानवी, अनुपमला फोन लाव!”

“लागत नाही, आजोबा! लाइट गेली की इथली रेंजही जाते!”

सुरभी अनवाणीच धावत सुटली. कठड्यावर पोट टेकून ती जिवाच्या आकांताने ओरडली, “बाबा, वर या! आत्ताच्या आत्ता! पान्यात करंट येनार हाय!”

बाबांनी मान वर केली. चिखलाने माखलेल्या चेहऱ्यात डोळे तेवढे दिसत होते. “येडी का काय तू? लाइट पाचला येनार. आता बारा बी नाय वाजले. एवढी दोन घमेली भरतो, मग येतो.”

“बाबा, पाया पडते तुमच्या!”

“पोपटकाका, खरंच! तो डबा आपोआप चालू होतो, आम्ही बघितलं!” ओजस आणि सानवीही ओरडू लागले.

“दादांनी फोनवर बंद केलाय ना रं पोरांनो!” हिरू हसत म्हणाला.

आणि तेवढ्यात नदीपलीकडून ढोल-ताशाचा दणदणाट आला. पलीकडच्या पाड्यात हळद होती. सकाळपासून मुका पडलेला लाउडस्पीकर एकदम गर्जायला लागला होता!

हिरूचं हसू जागीच विरलं. “आयला! पल्याड लाइट आली! पोपट, निघ वर! तिकडं आली की पाच मिनटांत इकडं येते!”

बाबांनी फावडं टाकलं आणि पाय उचलायला गेले. पाय हलेना! मांड्यांपर्यंत गाळात रुतले होते. एक पाय ओढावा तर दुसरा आणखी खाली जात होता. “दोर टाक, हिरू! दोर!”

मोटारीच्या खोलीचं कुलूप ओजस दगडाने ठोकत होता, पण ते काही निघेना. मेन स्विच त्या दाराआड. शिडी विहिरीत. आणि डबा आंब्यावर, दोन पुरुष उंच!

सुरभीने वर बघितलं. मग ओढणी कमरेला बांधली आणि खोडाला मिठी मारली.

किती वेळा चढली होती ती त्या आंब्यावर! पण आज तळहात सोलवटत होते, आणि खालून बाबांच्या धापा ऐकू येत होत्या. पहिली फांदी, दुसरी फांदी. दोन पांढरे डबे! कोणता विहिरीचा? तिने वायर डोळ्यांनी धरून खाली आणली. डाव्या डब्याची वायर कठड्याकडे जात होती. तिने कोरड्या ओढणीने दोन्ही हात गुंडाळले, डबा धरला आणि ओढला. डबा ढिम्म! नवा प्लग, घट्ट बसलेला. तिने एक पाय खोडाला लावला, डोळे मिटले आणि सगळा जीव हातांत आणून हिसका दिला.

डबा निघाला, आणि त्याच्या झोकाने ती मागच्या फांदीवर आदळली.

एक, दोन, तीन... टिक!

कानाशीच आवाज झाला. दुसरा डबा चालू झाला होता! भर दुपारच्या उन्हात आंब्यावरच्या माळा लखलखू लागल्या, फाटकावरचे दिवे लागले, पाहुण्यांच्या खोल्यांतले पंखे फिरायला लागले. फक्त तिच्या हातातला डबा गप्प होता.

“बाबा?” तिने विचारलं.

क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग विहिरीतून चिखलाने जड झालेला आवाज आला, “हाय गं बाय. हाय मी.”

तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

बाबांना दोराने वर ओढायला हिरू, ओजस, सानवी आणि हातातली काठी टाकून आलेले दत्तोपंत, सगळेच लागले. मग ओजस सायकलवरून गेला आणि रस्त्यावर काम करणाऱ्या रोहिदास वायरमनना घेऊन आला.

“फांद्या लवकर छाटून झाल्या, म्हनून लाइट सोडली,” रोहिदासकाका म्हणाले. “मंगळवारी लोक विहिरीत उतरत्यात, हे ध्यानातच नाय आलं!”

सगळ्यांना लांब उभं करून ते स्वतः झाडावर चढले आणि डबा परत लावला. खाली येऊन त्यांनी विहिरीत सोडलेल्या लोखंडी शिडीच्या वरच्या टोकाला टेस्टर टेकवला.

टेस्टर लाल पेटला.

याच शिडीवरून बाबा वर येणार होते. त्याच वेळी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन अनुपमकाका फाटकातून आत आले आणि तो लाल ठिपका बघून जागच्या जागी थांबले.

“पण... मी फोनवर बंद केला होता,” ते पुटपुटले.

“तुझा फोन कर्जतला असतो रे, अनुपम. आणि पोपट विहिरीत असतो,” दत्तोपंत म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण काकांची मान खाली गेली.

सानवीने वही उघडून त्यांना सगळं दाखवलं. मासे, वार, माळा, पाच वेळा केलेला प्रयोग. काकांनी ते दोनदा वाचलं. मग पिशव्या तिथेच ठेवून ते बाबांसमोर जाऊन उभे राहिले. “पोपट, माझं चुकलं. माशांचा आळही तुझ्यावर घेतला आणि आज तर... माझ्याच्याने बोलवत नाही.” त्यांचे डोळे भरून आले होते.

“असू द्या, दादा. पन तो दिवा आता नको,” बाबा म्हणाले.

रोहिदासकाकांनी मेन स्विच पाडला, दिवा वायरसकट बाहेर काढला आणि धोक्याच्या वेळी आपोआप वीज तोडणारा स्विच बसवल्याशिवाय मळ्यात काही चालू करायचं नाही, असं काकांना बजावलं. “आनी पोरांनो, पुढच्या येळंला आधी मेन स्विच पाडायचा. त्या खोलीची किल्ली खिशात घेऊन फिरायची नसते, ही गोष्ट मोठ्यांनी शिकायची!”

“चाळीस वर्षं मुलांना शिकवलं,” दत्तोपंतांनी तिघांच्या पाठीवर हात फिरवला. “पण आज तुम्ही जो धडा दिलात, तो मलाही नवा होता. शाबास रे पोरांनो!”

चार दिवसांनी विहिरीत पाणी चढलं. तिघं कठड्यावर श्वास रोखून बसली. कासवाने मान बाहेर काढली, बराच वेळ पाण्याकडे बघितलं, एक पाय बुडवला, थांबलं. मग डुबुक!

“गेलं! गेलं!” ओजसने आरडाओरडा करून मळा डोक्यावर घेतला.

बाबा सुरभीशेजारी येऊन टेकले. त्यांनी तिचे दोन्ही तळहात उलटे करून बघितले. सोलवटलेली कातडी भरून येत होती. खिशातून हळदीच्या तेलाची कुपी काढून त्यांनी एकेका बोटाला तेल लावलं.

“आंब्यावर चढू नको म्हनत होतो ना मी तुला?”

“हो,” सुरभी खाली मान घालून म्हणाली.

बाबांनी कुपीचं बूच घट्ट लावलं. “चढत जा,” ते म्हणाले. “पन पडायचं नाय.”