खाऱ्या पाण्याच्या यंत्राची किल्ली

"यंत्र आपलं, मग त्याची किल्ली कुणाकडे राहणार?"

शाळेच्या प्रयोगशाळेचं कपाट, किल्ली कुणाकडे तेच कळेना म्हणून, वर्षभर बंद होतं, त्यावरून मला हे सुचलं. माझ्या वर्गातल्या कस्तुरी आणि सलमा म्हणाल्या, "भर ग्रामसभेत विचारून दाखव! बोलती बंद होईल तुझी." विचारलं! अख्खं आडबंदर गाव हसलं.

"अगं अन्विता, त्याला किल्ली नसते, बटण असतं," सरपंचकाकू म्हणाल्या.

समुद्राचं पाणी गोड करणारं ते परदेशी यंत्र दाखवण्यासाठी मंडपातच चालू ठेवलं होतं. २०३८पासून आमच्या विहिरी खारट झाल्यात, त्यामुळे सगळ्यांना घाई. नारळसुद्धा आणलेला. फक्त खरेदीच्या करारावर सह्या बाकी होत्या.

तेवढ्यात सदूआजोबा उठले. त्यांनी आयुष्यभर देशाच्या वीजकेंद्रांची सायबरसुरक्षा (संगणक आणि त्यांची जाळी यांचं रक्षण) सांभाळली. एवढे मोठे शास्त्रज्ञ, पण मुलांचा प्रश्न कधीच हसण्यावारी नेत नाहीत!

"साहेब," त्यांनी यंत्र विकणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधींना विचारलं, "तुमच्या देशातून हे बंद करता येतं?"

"हो तर! तुमच्या सोयीसाठीच," ते अभिमानाने म्हणाले आणि त्यांनी मुख्यालयाला निरोप धाडला.

नळ थांबला. सरपंचकाकूंचा पेला अर्धाच भरला होता. आता कुणी हसेना.

"अन्विता विचारतेय ती किल्ली ही," आजोबा म्हणाले. "दूरप्रवेश (लांबून यंत्राच्या संगणकात शिरायची सोय). कराराचं सातवं परिशिष्ट (शेवटी जोडलेली पानं) वाचलंत का कुणी? कंपनी कधीही, न विचारता आत येऊ शकते, असं लिहिलंय."

"पण कंपनी तर चांगली आहे ना?" मी विचारलं.

"असेलच. पण तिच्याकडून किल्ली चोरीला गेली तर? उद्या कंपनीच दुसऱ्या कुणी विकत घेतली तर? हीच यंत्रं किनाऱ्यावरच्या तीनशे गावांत बसणार आहेत, सगळी एकाच वीजजाळ्याला जोडलेली. किल्लीवाल्याने ती एकदम चालू-बंद केली, तर ते जाळंच कोलमडू शकतं."

बाप रे! म्हणजे आमच्या एका सहीने देशाचं दार उघडं!

"मग यंत्र नकोच?" काकूंनी विचारलं.

"हवंच! यंत्र उत्तम आहे, करार बदला. किल्ली आपल्याकडे. दुरुस्तीला यायचं तर आधी विचारायचं. मग आपण दार उघडू, काम झालं की लावून घेऊ. कोण कधी आलं त्याची नोंद राहील. आणि नवा प्रोग्राम आपल्या देशातल्या प्रयोगशाळेत तपासूनच यंत्रात जाईल."

प्रतिनिधी तासभर फोनवर होते. किल्ली आणि नोंद मान्य झाली, तपासणीच्या अटीवर उत्तर द्यायला त्यांनी आठवडा मागितला. काकूंनी नारळ परत पिशवीत घातला. "अजून आठवडाभर टँकरचं पाणी पिऊ," त्या म्हणाल्या. "पण सही वाचूनच करणार. आणि अन्विता, तू पुढे बस."

कस्तुरी-सलमाची तोंडं बघण्यासारखी होती!

घरी पोचल्या पोचल्या मी जाहीर केलं, "आई, बाबा, ऐका. दर शनिवारी मी सदूआजोबांकडे करार वाचायला शिकणार. बारावीनंतर संगणक आणि कायदा, दोन्ही. ठरलंय! आणि बाबा, आपला पोळ्या लाटणारा यंत्रमानव घेताना तुम्ही न वाचताच 'मान्य' दाबलंत ना? सुरुवात त्याच्या करारापासून."