दोन भरत्या

रेवदंड्याच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता. साळावच्या धक्क्यावरून पलीकडे जायचं तर सदाच्या तरीत, म्हणजे होडीत, बसायचं. आणि सदाची खोड अशी, की तर गच्च भरल्याशिवाय हा बाबा दोरी सोडायचा नाही. मामलेदार येवो नाहीतर नवरी येवो, सदा आपला विडी ओढत म्हणायचा, "अजून दोन मानसं येऊ दे."

त्या दाटीमुळेच वैशाखातल्या एका सकाळी केसरची माशांची पाटी आणि धर्माची हत्यारांची पेटी एकमेकींना खेटून बसली.

केसर म्हणजे कोर्लईच्या भागोजी तांडेलाची लेक. सोळाव्या वर्षी पाटी डोक्यावर घेतली, आता एकोणीस सरलं होतं. रेवदंड्याच्या बाजारात तिच्याशी घासाघीस करायला जाणारं गिऱ्हाईक आधी घरी देवाला नमस्कार करून निघतं, असं लोक म्हणायचे. धर्मा साळावचा. जातीचा कोळीच, पण बाप लवकर गेला आणि पोर रेवदंड्याच्या बंदरावरच्या काळूराम मेस्त्रीच्या हाताखाली होड्यांचं सुतारकाम शिकलं. बोलायचा कमी... म्हणजे अगदीच कमी.

"ए... तुज्या पाटीचं पानी माज्या पेटीत चाललंय," तो म्हणाला.

"मग पेटी उचल. माजी पाटी आधी बसलीय."

"पेटीत रंधा हाय. गंजंल."

"आनि पाटीत हलवे हायत. ते काय तुज्या रंध्याला भिऊन सुकतील?"

अख्खी तर खळखळून हसली. धर्मा कानापर्यंत लाल झाला. त्याने पेटी मांडीवर घेतली आणि सदऱ्याच्या टोकाने एकेक हत्यार पुसू लागला. इतकं हळुवार, की केसरचं हसू तिथल्या तिथे थांबलं. तिने खूप हात पाहिले होते. जाळं ओढणारे, वल्हं मारणारे, नाणी मोजणारे. असे हात पाहिले नव्हते.

उतरताना तो पुटपुटला, "पाटीचं बूड गेलंय. फळी घालून देतो."

चार दिवसांनी गोल फळी घेऊन तो धक्क्यावर उभा. पाटीत ठेवली, ती टक्कन बसली.

"मोजलंस कवा?" केसरने विचारलं.

"मोजलं न्हाय. बगितलं."

"म्हंजे बगत व्हतास!"

त्यावर धर्माने खाडीकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, सदाच्या विडीकडे पाहिलं... केसरकडे काही पाहिलं नाही. घरी पाटी धुताना तिने फळी उलटी केली. खालच्या बाजूला, कुणाला दिसू नये अशा जागी, नखाएवढा हलवा मासा कोरलेला होता. केसर त्या दिवशी उगाचच दोनदा पाटी धुवायला बसली.

मग जेठ लागला, होड्या किनाऱ्यावर चढल्या, त्यांच्यावर झावळ्यांची झापं पडली. भागोजीच्या मोठ्या होडीचं नाव 'नीरा'. बायकोचं, नीराबाईचं नाव. तिच्या तीन फळ्या खराब झाल्या होत्या. त्या बदलायला काळूरामने धर्मालाच पाठवलं.

पंचवीस दिवस. बाहेर आषाढ कोसळायचा आणि झापाखाली ताज्या लाकडाचा वास घुमायचा. धर्मा लाकडी मोगरीने फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासत बसायचा. केसर चहा घेऊन जायची, कपबशी रिकामी व्हायची, तरी ती तिथेच.

"मोगरी मारताना डोळे का मिटतोस?"

"कान लावून ऐकतो. सांधा बोलतो."

"बरं हाय. तू न्हाय बोललास तरी सांधा बोलतो तुजा!"

तो हसायचा. नुसता ओठांच्या कोपऱ्यात. तेवढ्या हसण्यासाठी ती दुसऱ्या दिवशी दुप्पट दूध घालायची.

भागोजी तांडेल समुद्रात दोन कोसांवरचा मासा ओळखायचा. घरातलं प्रकरण ओळखायला त्याला कितीसा वेळ? त्याने धर्माला ओटीवर बोलावलं.

"पोरगा नेक हायस," तो म्हणाला. "माजी धाकटी होडी घे. तांडेल हो. जाळी, खलाशी, सगलं तुजं. आपला धनी आपुन. मग केसर देतो. पन ती पेटी सोडायची. दुसऱ्याच्या दारात ठोकत बसनारा जावई मना नको. नारली पुनवेपातूर सांग. काशीदच्या हिरामनाचं बोलनं आलंय. दोन होड्या हायत त्याला."

धर्माने हे झापाखाली केसरला सांगितलं. पाऊस जरा उघडला होता, झावळ्यांतून थेंब टपटपत होते.

केसरच्या जिभेवर आलं होतं — घे की होडी! एक हो म्हण, आणि सगळं आपलं. पण तिने त्याच्या हाताकडे पाहिलं. तो बोलता बोलता नव्या फळीवरून अंगठा फिरवत होता.

"तुना काय पायजे?" तिने विचारलं.

"समुद्राला मी भीत न्हाय, केसर. पन... होडी दिसली की लोकांना ती हाकाविशी वाटते. मना तिचा सांधा बगावासा वाटतो." तो थांबला. "न्हाय म्हटलं तर तू हिरामनाकडं जाशील."

"मी कुठं जाईन ते मी बगीन. तू तुजं सांग."

तिला राग आला होता. बापाचा, धर्माचा आणि थोडा स्वतःचाही. मग एकाएकी ती म्हणाली, "मी मासली विकते. पाटी माजी, भाव माजा, मना कोनी धनी न्हाय. तरी हात घानच होतात ना माजे? मग हातानं काम करनारा म्हंजे चाकर, हे कोनी ठरवलं? काळूरामाच्या हाताखाली कशाला? आमच्या वाडीत उंडीच्या झाडाखाली जागा हाय. आपला कामाचा मांडव घाल. होड्या तुज्याकडं येतील."

"मना हाका मारून गिऱ्हाईक बोलवता येत न्हाय."

"तुना सांगितलंय कोनी हाका मारायला? त्या मी मारीन," केसर म्हणाली, आणि आपण काय बोलून गेलो हे कळताच कपबशी उचलून पळाली.

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी, दुपारच्या भरतीला 'नीरा' पाण्यात ढकलली. अख्ख्या कोळीवाड्यातली माणसं जमली होती. पाहुणा म्हणून हिरामणही आला होता, कडक इस्तरीचा सदरा घालून. होडी डौलात तरंगली... आणि सांध्यासांध्यातून पाणी आत झिरपू लागलं.

सुकलेली होडी पहिल्या दिवशी गळते, हे कोळ्याच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ही जास्तच गळत होती.

"कापूस सैल ठासलाय!" हिरामण म्हणाला. "अजून ठासा."

भागोजीचा चेहरा उतरला. कोळीवाड्यासमोर शोभा झाली होती. "घे मोगरी. ठास."

"न्हाय, काका," धर्मा म्हणाला. "जागा मीच ठेवलीय. लाकूड तान्हेलं हाय. पानी पिऊन फुगंल तवा सांधा आपुन भरंल. आता ठासला तर फुगायला जागा न्हाय, भर दर्यात फळी सुटंल. दोन भरत्या द्या."

"पुनवेला होडी पुजायची हाय मना! तवा बी गळली तर?" भागोजी गरजला. "चालीस वर्सं दर्यावर हाय मी. ठास, आनि आताच्या आता होडी तुजी, पोरगी तुजी. न्हायतर चालता हो."

धर्माने एकदा केसरकडे पाहिलं. या वेळी खाडीकडे नाही, आकाशाकडे नाही, सरळ तिच्याकडे. मग त्याने मोगरी पेटीत ठेवली आणि झाकण लावलं.

"तुमची होडी नको, काका. पन त्या होडीतून तुमचीच मानसं दर्यावर जायची हायत. मी ठासनार न्हाय."

गेलं सगळं, केसरला वाटलं. आणि त्याच क्षणी असंही वाटलं, की करीन तर यालाच करीन. तिने लुगडं खोचलं, पत्र्याचा डबा उचलला, कमरेएवढ्या पाण्यातून गेली आणि होडीत चढून बसली.

"दोन भरत्या मी पानी उपसते. कापसाला कोनी हात लावायचा न्हाय. लावायचा तर आधी मना उतरवा."

"केसर!" बाप ओरडला.

"बाबा, तुमचीच लेक हाय. उतरनार न्हाय."

धर्माही दुसरा डबा घेऊन मागच्या टोकाला चढला. सुरुवातीला मान वर करायला उसंत नव्हती. श्रावणाची सर आली, ऊन आलं, पुन्हा सर आली. होडीच्या दोन टोकांना दोघं, आणि काठावर गुडघ्यांना मिठी मारून बसलेला भागोजी.

"दमलीस?"

"तू बोल म्हंजे दमनार न्हाय."

"काय बोलू?"

"उपस मग!"

दिवेलागणीला केसरचे खांदे भरून आले. पण मघापासून ती डबा खाली ठेवून केस बांधू शकत होती, हे तिच्या ध्यानात आलं. तेवढ्यात पाण्यातून कुणीतरी आलं. नीराबाई.

"उतर," आई म्हणाली. "होडीला नाव माजं हाय. आता माजी पाळी."

दुसऱ्या दिवशी दुपारी भरती टिपेला आली तेव्हा भागोजी स्वतः होडीत चढला. वाकला. पुढून मागपर्यंत सांध्यांवरून तळहात फिरवत गेला. मग हात उन्हात धरून पाहिला. कोरडा होता.

रात्री केसरने मांडवाचं त्याच्या कानावर घातलं होतं; तो धर्माकडे वळला. "धर्मा, उंडीखाली मांडव घालायचा तर जागा किती लागंल?"

धर्माने हात पसरून जागा दाखवली. हिरामणही पुढे झाला. माणूस वाईट नव्हता बिचारा. "माजी बी एक होडी बगशील का रे?"

"पाळी लावा," केसर किनाऱ्यावरून म्हणाली. "आधी मांडव तर उभा राहू दे."

सगळे हसले, भागोजीसुद्धा.

पौर्णिमेला 'नीरा'ची पूजा झाली, नारळ दर्याला गेला. दुसऱ्या सकाळी केसर धक्क्यावर आली तेव्हा सदाची तर रिकामीच होती आणि धर्मा एकटा बसला होता. काळूराम मेस्त्रीला सांगायला निघाला होता, की उद्यापासून आपलं काम आपण करणार. केसर शेजारी बसली.

"केसर... मना..."

"काय?"

"मना तुना..."

"लाकडाला दोन भरत्या लागतात. तुज्या जिभेला किती?"

तो हसला नाही. तिच्याकडे वळला. "मना तू पायजेस. होडी न्हाय, जागा न्हाय. तू. मांडव न्हाय झाला असता तरी तूच पायजे व्हतीस."

अख्ख्या बाजाराला पुरून उरणाऱ्या केसरने नुसती आपली पाटी उचलली आणि त्याच्या पेटीवर ठेवली. पाणी झाकणावर टपकू लागलं. धर्माने पेटी हलवली नाही.

सदा तरवाल्याने दोघांकडे पाहिलं. धक्क्यावरून दोन माणसं "थांब, थांब" करत पळत येत होती. सदाने विडी पाण्यात टाकली आणि दोरी सोडून दिली.