नाव नसलेलीचं पान

ही गोष्ट खरी आहे.

ती तुम्हाला पटावी असा माझा आग्रह नाही. पण माझे श्रीपादमामा थापा मारणारे गृहस्थ नव्हते. बॉयलरचे इंजिनिअर होते. वाफ आणि दाब यापलीकडे त्यांचा कशावर विश्वास नसे. देवळात गेले तर घंटेचं ओतकाम बघून परत यायचे.

ही हकीकत त्यांनी मला एकदाच सांगितली. सांगताना आवाज चढला नाही. फक्त मध्येच उठून ते दाराची कडी काढून आले.

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

साल १९५८. सर्वपित्री अमावास्या, रविवार. गाव जर्मनीतलं हॅनोव्हर. आणि अशा गोष्टींत असते तशी मध्यरात्र वगैरे काही नव्हती...

भर दुपार होती.

मामा तिथल्या होखशूलेत, म्हणजे इंजिनिअरिंगच्या कॉलेजात, शिकत होते. लढाईत त्या जुन्या शहराचा पार चुराडा झाला होता. नदीकाठच्या एका गल्लीत लाकडी तुळयांचं एकच जुनं घर कसंबसं उभं राहिलं होतं. दोन्ही बाजूंना मोकळी जागा आणि पडक्या भिंती. त्या घरात वरच्या मजल्यावर मामांची खोली होती.

घरमालकीण फ्राऊ लिंडेमान, म्हणजे लिंडेमानबाई. साठीची विधवा. बोलायला करडी, पण मायाळू. आदल्या वर्षी मामांचे वडील गेल्याची तार आली, तेव्हा ही बाई त्यांच्यापाशी बसून राहिली होती. बोटीने घरी पोचायला तीन आठवडे लागायचे. वडिलांचं शेवटचं दर्शन नशिबात नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने मांस न घालता बटाट्याचं सूप केलं आणि समोर बसून खायला लावलं.

"परक्या मुलखात ती मला आईच्या जागी होती," मामा म्हणाले.

हे लक्षात ठेवा. कारण पुढचं ऐकून तुम्हाला तिचा राग येईल.

त्या घराला तळघर होतं. केलर म्हणतात तिकडे. कोळसा आणि बटाटे तिथे ठेवायचे. मागच्या अंगणातून पायऱ्या उतरल्या की एक जाड लोखंडी दार लागायचं, बॉम्बपासून बचाव म्हणून लढाईत बसवलेलं. त्याला आतून अडसर होता.

फ्राऊ त्या दाराला कायम वीट लावून ते उघडं ठेवायची. मामांनाही तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मामांचं आडनाव बापट, आणि श्रीयुतला तिकडे हेर म्हणतात.

"हेर बापट, तुम्ही आत असताना हे दार कधी लागता कामा नये."

"का बरं?"

"जुनं आहे. अडकतं."

मामांनी बिजागऱ्या तपासल्या होत्या. दार एका बोटाने फिरत होतं. पण म्हातारं माणूस आहे, असते एकेकाची भीती, म्हणून त्यांनी सोडून दिलं.

तर ती अमावास्या. घरी श्राद्ध थोरले भाऊ करणारच होते. मामांनी काही केलं नसतं तरी चाललं असतं. पण वडील गेले तेव्हा आपण नव्हतो, हे त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. त्यांनी फ्राऊच्या स्वयंपाकघरात भात शिजवला. हे काय चाललंय, असं तिने विचारलं. गेलेल्यांना आज जेवायला बोलवायचं असतं, असं मामांनी सांगितलं.

"चांगली पद्धत आहे," ती म्हणाली.

त्यांचा मित्र यशवंत घोरपडे तिथेच चहा पीत बसला होता. कोल्हापूरचा गडी.

"अरे बापट, इथले कावळे प्रोटेस्टंट. तुझ्या दहीभाताला ते शिवायचे नाहीत बघ."

मामा हसले. वर जाऊन त्यांनी पितळी ताटलीत दहीभात वाढला. वर काळे तीळ घातले. आईने निघताना ट्रंकेत पुरचुंडी बांधून दिली होती. पितरांची दिशा दक्षिण. खोलीची दक्षिणेची खिडकी मागच्या अंगणावर उघडायची...

खाली बरोबर तळघराच्या पायऱ्या.

त्यांनी खिडकीत ताटली ठेवली. हातावरून पाणी सोडलं. वडिलांचं नाव घेतलं, आजोबांचं, पणजोबांचं. मग घरी शेवटी काय म्हणतात ते त्यांना आठवलं.

"ज्यांना कोणी नाही, ज्यांचं नाव-गोत्र ठाऊक नाही, त्यांनीही यावं, जेवावं, तृप्त व्हावं."

आपल्याकडे असं सगळ्यांना बोलावतात आणि मग रीतसर निरोपही देतात. ते भटजी बघून घेतात. मामांना निरोपाचं काही ठाऊकच नव्हतं.

त्यांनी बोलावलं तेवढं.

समोरच्या पडक्या भिंतीवर कावळे बसले होते. एकही ओरडत नव्हता. एकही भाताकडे बघत नव्हता.

सगळ्यांच्या माना तळघराच्या पायऱ्यांकडे वळलेल्या...

मामा हात पुसायला वळले. परत बघतात तर ताटली रिकामी. शीत उरलं नव्हतं. त्यांनी ती उचलायला हात लावला आणि झटक्याने मागे घेतला.

ताटली तापली होती.

ऊन नव्हतं. आभाळ भरलेलं होतं.

खाली स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज आला. मामा धावत गेले. फ्राऊ टेबलाशी उभी होती. बटाटे सोलायची सुरी जमिनीवर. यशवंत गोंधळून तिच्याकडे बघत होता.

"अरे, मागचं दार कोणी वाजवलं का? मी उघडलं तर कोणीच नाही."

"हळू वाजवलं," फ्राऊ म्हणाली. "ती नेहमी हळूच वाजवायची."

कोण, असं मामांनी विचारलं. तिने वाकून सुरी उचलली.

मामा अंगणात जाऊन आले. तळघराची वीट बाजूला सरकलेली होती.

आणि दार लागलेलं होतं.

त्या दिवसापासून घरात पाणी टिकेना. पेला भरून ठेवावा, क्षणभर पाठ फिरवावी, पेला कोरडा. किटली कोरडी. फुलदाणीसुद्धा कोरडी. मामांनी नळ तपासले, भांड्यांना चीर आहे का ते पाहिलं. इंजिनिअर ना. काही सापडलं नाही.

संध्याकाळ झाली की दार वाजायचं. हळू. आधी मागचं दार. काही दिवसांनी स्वयंपाकघराचं. मग जिन्याचं.

मग फ्राऊच्या झोपायच्या खोलीचं...

दर वेळी एक दार आत.

मामांचं दार मात्र कधी वाजलं नाही. त्यांच्या पेल्यातलं पाणीही कधी आटलं नाही.

यशवंत म्हणाला, "तू माझ्या खोलीवर राहायला ये. हे घर बरं नव्हे." पण म्हातारीला एकटं टाकून जायला मामांचं मन होईना. ती खंगत चालली होती. ओठ फुटले होते. पाण्याचा पेला ओठाशी नेईपर्यंत रिकामा व्हायचा. मामा स्वतःच्या हाताने तिला पाणी पाजायचे, तेव्हा कुठे दोन घोट पोटात जायचे.

ऑक्टोबर संपत आला. तिकडे तेव्हा पाचलाच अंधार पडतो. अशाच एका संध्याकाळी पाणी पिऊन झाल्यावर तिने मामांचा हात धरला.

"हेर बापट, तुम्ही तिला जेवायला बोलावलंत. आता तुम्हीच तिला जायला सांगा."

"पण ती कोण?"

फ्राऊने सांगितलं. शहर पेटलं त्या रात्री सगळी गल्ली तिच्या केलरमध्ये होती. तिचा नवरा गल्लीचा पहारेकरी होता. घरात कामाला एक मुलगी होती, पूर्वेकडच्या मुलखातून धरून आणलेली. लढाईत अशा पुष्कळ आणल्या होत्या. त्यांना आत घ्यायचं नाही असा नियम होता.

"ती बाहेर राहिली?" मामांनी विचारलं.

"पायऱ्यांवर. ती दार वाजवत होती. जोरात नाही. स्वयंपाकघरात यायच्या आधी वाजवायची तसंच. पाणी मागत होती... अडसर माझ्या हाताशी होता."

"तुम्ही उघडलं नाहीत."

"नियम होता, हेर बापट. माझ्या मांडीवर बहिणीचं मूल होतं. बाहेर सगळं जळत होतं. दार आतून तापायला लागलं, आणि मग वाजायचं थांबलं."

मामांना तिचा भयंकर राग आला. आणि त्याच वेळी तिची कीवही आली. तो सुपाचा वाडगा त्यांना आठवला.

"आमच्याकडे नाव घेऊन निरोप देतात," ते म्हणाले. "तिचं नाव काय होतं?"

फ्राऊने मामांचा हात सोडला.

"आम्ही तिला मेडशेन म्हणायचो. पोरगी."

"ते नाव नव्हे."

"तिने सांगितलं होतं. आली त्या पहिल्याच दिवशी. मला... आठवत नाही."

स्वयंपाकघराच्या आतल्या कपाटाचं दार वाजलं. हळू.

आता आणखी आत यायला दारच उरलं नव्हतं.

मामांना जे सुचलं ते त्यांनी सांगितलं. "त्या रात्री उघडलं नाहीत ना? आज उघडा. आत जा, अडसर लावा, आणि ती वाजवेल तेव्हा आपल्या हाताने काढा. माफी मागा. मी पायऱ्यांपाशी उभा राहतो."

ती उठली. शाल घेतली. अंगणात गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने दाराला वीट लावली नाही. आत शिरून तिने दार ओढलं. अडसर पडल्याचा आवाज आला.

मामा वरच्या पायरीवर कंदील घेऊन उभे होते. खाली पायऱ्या रिकाम्या. दार बंद.

आणि दार वाजलं...

त्यांच्या डोळ्यांदेखत. बाहेरून. लोखंडावर बोटांचा आवाज, आणि तिथे कोणी नाही.

आत अडसर सरकायला लागला. मामांना बरं वाटलं. सुटली बिचारी, असं त्यांच्या मनात आलं.

अडसर अर्ध्यात थांबला.

"मला आठवत नाही." आतून फ्राऊचा आवाज आला, कोणाला तरी उत्तर दिल्यासारखा.

शांतता.

"नाही. खरंच नाही आठवत."

पुन्हा शांतता. आणि अडसर परत जागेवर बसला.

मग आतून दारावर मुठी आपटायला लागल्या. मामा धावत खाली गेले. कडी धरली आणि तळहात भाजला. कोटाची बाही गुंडाळून ओढलं, लाथा मारल्या, खांदा दिला. अडसर काढा, अडसर काढा, असं ते ओरडत राहिले. आतून एकच उत्तर येत होतं. आठवत नाही, आठवत नाही.

मग वाजायचं थांबलं.

बंबवाल्यांनी येऊन दार तोडलं. फ्राऊ दाराच्या आतल्या बाजूला बसलेली होती. मुठींची सालं निघालेली. अडसर एका बोटाने सरकत होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, वय झालं होतं. तळघर गारठलेलं होतं. कुठे जळल्याची खूण नव्हती.

फक्त दाराजवळच्या पोत्यातले बटाटे भाजून निघाले होते.

मामा वर खोलीत गेले. खिडकीत त्यांची पितळी ताटली होती. स्वच्छ घासून, पुसून ठेवलेली. घरची कामवाली ठेवते तशी.

मामांनी ते घर सोडलं. शिक्षण पुरं करून हॅम्बर्गला नोकरी धरली. पुढच्या सर्वपित्रीला त्यांनी काही केलं नाही. पुरे झालं, असं म्हणाले. त्या दिवशी दुपारी त्यांच्या नव्या खोलीचं दार वाजलं.

हळू.

बोलावलेल्या पाहुण्याला निरोप दिला नाही, तर तो जाणार कुठे? जगात तिला जेवायला बोलावणारं एकच माणूस होतं. मामांनी दहीभात कालवून खिडकीत ठेवला. पुढे भारतात परत आले, लग्न झालं, नातवंडांच्या मुंजी झाल्या, तरी दर सर्वपित्रीला वडिलांच्या पानाशेजारी एक पान जास्तीचं वाढायचे. मामी विचारायच्या, हे कोणाचं? मामा म्हणायचे, आहे एक.

घरच्यांना त्यांनी हे कधी सांगितलंच नव्हतं; मामा गेल्यावर ते पान माझ्याकडे आलं. जाण्याआधी त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं होतं, म्हणून तर मला हे सगळं ठाऊक.

गेल्या वर्षी मी विसरलो.

दुपारची वेळ. माझी बायको शुभा न्हाणीघरात होती. तिने हाक मारली.

"अहो, कडी निघत नाहीये."

मी बाहेरून दार ढकललं. हलेना.

"अहो, कडी तापलीय. हात लावता येत नाही." मग ती थांबली. पुढचं बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "अहो... इथे कोणीतरी बाई काहीतरी विचारतेय. मला भाषा कळत नाही."

दहीभात कसा कालवला, गॅलरीत कसा ठेवला, ते मला आठवत नाही. तिथे उभं राहून मी हात जोडले आणि चुकलं म्हणालो. मागे कडी सरकल्याचा आवाज झाला. शुभा घामाने निथळत बाहेर आली.

ताटली रिकामी होती.

आता आमच्या घरात कुठल्याच दाराला आतून कडी नाही. पाहुणे हसतात. हसू देत. ती काय विचारते ते मला ठाऊक आहे. उत्तर मात्र फ्राऊबरोबरच गेलं, आणि माझ्यानंतर हे पान कोण वाढणार, हे अजून ठरलेलं नाही.