चिरेतला श्वास

विश्वास ठेवा, नका ठेवू... पण हे घडलंय. युवराज माझा सख्खा मावसभाऊ. खोटं सांगून त्याला काही मिळायचं नाही.

ग्वाल्हेर, बिर्लानगर. मागच्या जानेवारीतली दुपार. धुकं असं की दुपारीच अंधारून आलेलं.

युवराजने जुनी गाडी घेतली होती, ती त्याच्या आईसाठी, मंदामावशीसाठी. तिला डायलिसिसला कंपू भागातल्या हॉस्पिटलात न्यावं लागायचं. पण गाडी सिग्नलला थांबली की इंजिन धापा टाकायचं आणि बंद पडायचं.

बॉनेटखालून बारीक आवाज यायचा...

स्स्स...

"कहीं से हवा खींच रही है," तो बायकोला, गरिमाला म्हणाला. "आईला न्यायच्या आधी बघूनच टाकतो."

फिल्टरपासून इंजिनपर्यंत हवा नेणारा रबरी पाइप असतो. गरिमाला स्टिअरिंगपाशी बसवून, इंजिन चालू ठेवून त्याने त्यावर कडेकडेने क्लीनरचा स्प्रे मारला; चीर असेल तिथे तो आत खेचला जातो आणि आवाज बदलतो. खालच्या वळणाशी इंजिनचा आवाज एकदम बदलला.

चीर तिथेच होती.

"गरिमा, बंद कर."

इंजिन शांत झालं.

स्स्स... मात्र थांबलं नाही.

"अगं, बंद कर ना."

"बंद ही तो है. चावी माझ्या हातात आहे."

त्याने वळणाखाली बोट नेलं. चाचपडलं...

बोट आत ओढलं गेलं.

आत कोमट होतं. ओलं. मऊ. काहीतरी बोटाभोवती हळूहळू फिरलं... चोखल्यासारखं.

त्याने हात हिसकला. बोटापासून चिरेपर्यंत लाळेची तार लोंबत होती. आणि वास... कित्येक दिवस न धुतलेल्या तोंडाचा.

तो गटारावर वाकून भडाभडा ओकला.

पण आईला न्यायचंच होतं. नवा पाइप त्याने अंदाजाने आधीच आणून ठेवला होता. नाकाला रुमाल बांधून त्याने जुना काढला.

फिल्टर धड होता. त्यातून मुंगीसुद्धा आत गेली नसती.

तरी पाइपात लाळेने लडबडलेली नखं होती. चावून थुंकलेली. मूठभर.

माणसाची.

चिरेच्या कडांवर दातांच्या खुणा होत्या... आतल्या बाजूने.

त्याने तो पाइप लांब फेकला, नवा बसवला, क्लॅम्प आवळला. इंजिन लोण्यासारखं चाललं. आवाज नाही, धाप नाही.

आईला घेऊन तो कंपूला निघाला, वाटेत फूलबागेजवळ त्याने गाडी थांबवली. हाताचा वास जात नव्हता. बाहेर उभं राहून तो बाटलीतल्या पाण्याने पुन्हा बोटं चोळू लागला.

मागच्या सीटवर मंदामावशी एकटीच डोळे मिटून बसली होती.

"युवराज," ती वैतागून म्हणाली, "तोंड तिकडे कर रे. मानेवर श्वास सोडतोयस... किती घाण वास येतोय."

तो बाहेरच होता. ओले हात घेऊन.

गाडी अजून त्याच्याकडेच आहे. डायलिसिस चुकवता येत नाही. मेकॅनिक म्हणतो, इंजिन एकदम बढिया.

युवराज मला घरी सोडतो म्हणाला, तर मी शेअरच्या टेम्पोने जातो.

मावशी आता तक्रार करत नाही. रस्ताभर पदराने मान पुसत असते.

उतरते तेव्हा पदर ओला असतो...