नाईलकाठचं पनवेल

अल्फियाची आणि त्याची गाठ पडली ती बिअरच्या कारखान्यावरून. दचकू नका! पोरगी चांगल्या घरची होती, रोजे न चुकवणारी, बारावीला मराठीत वर्गात पहिली आलेली. कारखानाही खरा नव्हता. तो होता चार हजार वर्षांपूर्वीच्या मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, आणि तो मिसर देश होता पनवेलच्या टपाल नाक्याजवळ, काशिराम पाटलाच्या सायबर कॅफेत, चार नंबरच्या मशीनवर.

साल होतं दोन हजार पाच. अल्फियाचे अब्बा कुवेतला. तिकडं शुक्रवारी सुट्टी, म्हणून दर शुक्रवारी सकाळी अकराला ती कॅफेत यायची, कानाला हेडफोन लावायची आणि अब्बा ऑनलाइन यायची वाट पाहत बसायची. वाट पाहणं तिच्या घरात नवं नव्हतं. तिची अम्मी सकीना लग्न झाल्यापासून तेच करत आली होती. नवरा दोन वर्षांतून एकदा चाळीस दिवस यायचा. बाकीचे दिवस घरात अम्मी, अल्फिया आणि भिंतीवरची दोन घड्याळं — एक पनवेलचं, एक कुवेतचं. अम्मी कधी कुरकुरली नाही. पण अल्फियानं मनाशी पक्कं ठरवून टाकलं होतं, काही झालं तरी असलं लग्न आपण करायचं नाही.

तर त्या शुक्रवारी अब्बांचा पत्ताच नव्हता.

"तुज्या बापाचा नेट आज चालत नाय वाटतं," काशिराम गल्ल्यावरून म्हणाला. तो मूळचा विचुंब्याचा, आवाज शेताच्या बांधावरून हाक मारल्यासारखा. "तवर खेल कायतरी, पोरी. गेम हाय त्यात."

गेम होता शहर वसवण्याचा. नाईल नदीच्या काठी घरं बांधायची, विहिरी खणायच्या, बाजार भरवायचा. हवं ते मिळालं की झोपड्यांची पक्की घरं व्हायची. नाही मिळालं की माणसं बोचकं उचलून चालती व्हायची. आणि गंमत म्हणजे रस्त्यावरच्या कुठल्याही माणसावर क्लिक केलं की तो मनातलं भडाभडा बोलून टाकायचा. अल्फियाला हे फार आवडलं. अम्मीवर असं क्लिक करता आलं असतं तर!

तिनं यादीतलं कुणाचं तरी सेव्ह केलेलं शहर उघडलं. बांधणाऱ्यानं जीव ओतला होता. सरळसोट रस्ते, जागच्या जागी विहिरी… पण शहर अडलेलं. घरं एका पायरीवर येऊन थांबलेली, पुढं सरकेनात. बार्लीनं कोठारं भरून वाहत होती. तिनं एका घरावर क्लिक केलं. घर म्हणालं, आम्हांला बिअर पाहिजे.

जागा होती, मजूर होते, बार्ली होती. कारखाना तेवढा नव्हता. अल्फियाला हसू आवरेना. हा पठ्ठ्या नक्की आपल्या मोहल्ल्यातला! गेममध्येसुद्धा दारूला हात लावायला घाबरतोय बिचारा.

तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि नदीकाठी बिअरचे दोन कारखाने ठोकून दिले. घरं भराभर मोठी झाली. तिनं सेव्ह केलं आणि घरी गेली.

पुढच्या शुक्रवारी यादीत शहराला नवं नाव होतं. नावाला जागा वीसच अक्षरांची, तीही इंग्रजी. लिहिलं होतं — के, ओ, एन आणि प्रश्नचिन्ह. कोन? कोन गाव म्हणजे पनवेलपासून हाकेच्या अंतरावर, एक्सप्रेसवेला लागून. मी काय याला कोनची वाटले? तिनं शहर पुन्हा सेव्ह केलं, नाव दिलं, 'नाही पनवेल'.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी ती हेडफोन काढते न काढते तोच एक उंच पोरगा खुर्चीशी येऊन उभा राहिला. बुटांवर सिमेंट, डोळ्यांत मिस्कीलपणा.

"पनवेल तुम्हीच का?"

"म्हणजे?"

"मी विचारलं होतं, कोण? तुम्ही गावाचं नाव सांगितलंत."

"अय्या… कोण होतं होय ते! मला वाटलं कोन."

"आणि बिअरचा कारखाना तुम्हीच काढलात?"

हे त्यानं जरा मोठ्यानंच विचारलं. अख्खा कॅफे वळून बघायला लागला. काशिरामनं चष्मा कपाळावर चढवला.

"हळू बोला हो!" अल्फिया लालेलाल झाली.

"तौबा तौबा. एक नाही, दोन-दोन."

"मग? लोकांनी राहायला यायला नको तुमच्या शहरात? नुसते सरळ रस्ते बघायला कोण येणार?"

"कोण… की कोन?"

ती हसली. हसायचं नाही असं ठरवून हसली — आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

त्याचं नाव मुआज. डिप्लोमा झालेला, खारघरला बेलपाड्याच्या बाजूला इमारती उठत होत्या तिथं ओव्हरसियर. शुक्रवारी नमाजसाठी अर्धा दिवस सुट्टी, रविवारी चारनंतर मोकळा. "दिवसा खारघर, संध्याकाळी मिसर," तो म्हणायचा, "दोन्हीकडं पाण्याचीच बोंब."

भेट शुक्रवारची, दहा-पंधरा मिनिटांची, तीही काशिरामच्या देखरेखीखाली. अल्फियाकडं मोबाइल नव्हता आणि घरचा फोन अम्मीच्या उशाशी. मग काय, शहराचं नाव हीच चिठ्ठी! 'बाजार हलव' असं तो लिहायचा, 'आधी बाग दे' असं ती. त्यानं कोठारासाठी ठेवलेल्या जागेवर तिनं बाग लावली. त्यानं ती मोडली नाही, उलट तिच्याभोवती रस्ता वळवून घेतला. सरळ रस्त्यांचा एवढा शौकीन माणूस, पण वळवला!

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. झोपडी पाडायची झाली तर तो आधी दुसरीकडं घर बांधायचा, मगच पाडायचा. गेममध्ये त्याची काही गरज नव्हती. एक क्लिक की झोपडी गायब.

"एवढं कशाला करता?" तिनं विचारलं.

तो थोडा ओशाळला. "साइटवर बघतो ना… घर पाडलं की माणसं सामान घेऊन रस्त्यावर उभी असतात. कुठं ठेवायचं तेच त्यांना कळत नाही. इथं तरी नको."

 त्या दिवसापासून 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि ते कुणी आधी केलं यावरून दोघं पुढं बरेच दिवस भांडत होते.

आता सगळं इतकं गोड चाललं म्हणजे नशिबाला चैन पडत नाही. डिसेंबरात अब्बांनी हेडफोनमधून खुशखबर दिली. त्यांच्या दोस्ताचा मुलगा अमन, कुवेतलाच नोकरीला, देखणा, निर्व्यसनी. अल्फियाचा फोटो त्यानं पसंत केला होता. मोहल्ल्यात बातमी पसरायला दुपारही लागली नाही. कुवेतचा जावई! अम्मी मात्र एवढंच म्हणाली, "रविवारी रात्री त्यांना जवाब द्यायचा आहे. तू काय ते सांग."

अल्फियाकडं दोनच दिवस होते. मुआजनं आजवर सगळं सांगितलं होतं, तेवढं एक सोडून. त्याच्या मनात काय आहे ते त्याच्या तोंडून ऐकायलाच हवं होतं, आणि तेही काशिरामच्या समोर नाही. एसटी स्टँड बरा. गर्दीत कोण कुणाला बघतंय? शनिवारी सकाळीच कॅफेत जाऊन चार नंबरवर तिनं नाव लिहायला घेतलं. 'रविवार स्टँड वाट पाहते' — मावेना. 'वाट' काढून टाकली. 'रविवार स्टँड पाहते' — बरोबर वीस अक्षरं. वेळ लिहायला जागा उरली नाही, पण तो चारला सुटतो हे ठरलेलंच होतं.

रविवारी चारला ती पेणच्या फलाटाशी जाऊन उभी राहिली. साडेचार झाले. पाच झाले. पेणची गाडी गेली, अलिबागची गेली. प्रत्येक उंच माणूस तिला मुआज वाटला. तासाभरात ती एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेऊन थकली, आणि मग तिला अम्मी आठवली. आपण एक तास उभ्या आहोत तर ही गत. अम्मी बावीस वर्षं उभी आहे. तिला रडू आलं, मुआजचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा आला. ज्याला यायचं असतं तो येतो.

घरी जाऊन तिनं दुपट्टा खुंटीला टांगला आणि म्हणाली, "अम्मी, सांग त्यांना. हो म्हणून."

अम्मी तिच्याकडं बघत राहिली. मग फोनकडं वळली.

शुक्रवारी ती कॅफेत गेली ती शहर पुसून टाकायलाच. चार नंबरवर बसली, यादी उघडली. वर नवं नाव होतं. 'पाहते ५ ते ८ उभा'. हे कुठलं मराठी? कोण पाहते, कोण उभा? तिनं पुन्हा वाचलं. पी, ए, एच, ए, टी, ई…

पहाटे! पहाटे पाच ते आठ उभा!

"या अल्ला!" ती एवढ्या जोरात ओरडली की काशिराम धावत आला. "काय झाला गो? शॉक लागला?"

"हो काका," ती म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली.

तेवढ्यात हेडफोनमध्ये अब्बांचा आवाज आला. आनंदानं फुललेला. परवा अमनचे अम्मी-अब्बा घरी येणार, अंगठी घालणार…

"अब्बा," ती म्हणाली, "मला हे लग्न करायचं नाही."

आवाज तिकडं पोचायला वेळ लागायचा. त्या दिवशी फारच वेळ लागला.

"का बेटा? अमनमध्ये काय खोट आहे?"

"काही नाही. तुमच्यात तरी काय खोट आहे अब्बा? पण मी एकवीस वर्षांची झाले, आणि सगळे दिवस मिळून तुम्ही मला जेमतेम वर्षभर दिसलात."

बोलून गेल्यावर तिला वाटलं, जीभ झडावी आपली. तिकडं कुणीतरी खोकलं. मग अब्बा अगदी हळू म्हणाले, "अमनच्या घरी मी सांगतो. पुढचं तुझ्या अम्मीला विचार. त्या बाबतीत तिचाच हक्क आहे."

नमाज आटोपून मुआज आला तेव्हा ती दारातच उभी होती. तो तिला बघून थांबला. चेहरा उतरलेला.

"अहो ओव्हरसियर," ती म्हणाली, "पहाटे पाचला कुठली मुलगी स्टँडवर बोलावते?"

"तूच लिहिलंस, पहाटे…"

"पाहते! पाहते लिहिलं होतं मी. वाट मावली नाही त्यात. मी चारला येऊन उभी होते."

मुआजनं कपाळावर हात मारला. "मला वाटलं… पहाटे बोलावलंय म्हणजे… पळून जायचंय."

अल्फिया दारातून पुढं आली. "आणि तू आलास?"

"आलो की. बॅग भरून." तो जमिनीकडं बघत होता. "दोन शर्ट, ब्रश… आणि डिप्लोमाचं सर्टिफिकेट. म्हटलं, कुठंही गेलो तरी नोकरी लागायला हवी ना. तुला उपाशी कसं ठेवणार?"

तिला जे ऐकायचं होतं ते यात सगळंच आलं होतं. तरी पोरीची जातच हट्टी.

"नीट सांग," ती म्हणाली.

"आवडतेस तू मला. पहिल्या कारखान्यापासून."

आतून काशिराम ओरडला, "बोलायचा तर बाजूला बोला, आमच्या गिऱ्हाइकाची वाट अडते!"

राहिली होती अम्मी. सगळं ऐकून ती दोन दिवस नुसती घरकाम उरकत राहिली. अल्फियाला धडकी भरली. ज्या बाईनं हूं की चूं न करता अर्धं आयुष्य वाट बघण्यात घालवलं, तिला पोरीचे हे नखरेच वाटणार. शेवटी अम्मी म्हणाली, "पुढच्या रविवारी संध्याकाळी येऊ दे. बापाला घेऊन."

मुआज आला. सोबत त्याचे अब्बा रहीमभाई, भांड्यांचे दुकानदार, बोलण्यात तयार. पण कुवेतचं स्थळ मोडून आपल्या पोराकडं बघतायत म्हटल्यावर ते बावरले होते.

"पोरगा आज इथं आहे म्हणून काळजी करू नका, भाभी," ते घाईघाईनं म्हणाले. "माझा भाऊ दोह्याला आहे. लग्न झालं की सहा महिन्यांत व्हिसा काढतो याचा. हा पण जाईल!"

दारामागं उभ्या अल्फियानं दाराची कडी घट्ट धरली.

"नाही अब्बा," मुआज म्हणाला. "मी जाणार नाही."

रहीमभाईंनी त्याला कोपरानं ढोसलं. सकीनानं हात वर करून त्यांना थांबवलं. पगार विचारला नाही, घर किती खोल्यांचं ते विचारलं नाही. पोराकडं बराच वेळ बघून ती म्हणाली,

"रात्री जेवायला घरी असतोस?"

मुआज गोंधळला. "असतो ना. साडेसातला येतो. स्लॅब असला तर नऊ वाजतात… पण घरीच जेवतो."

"रोज?"

"रोज."

  सकीनानं ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं आणि कुणाकडंही न बघता हाक मारली, "अल्फिया, ताटं घे. जेवूनच जातील."

अल्फियानं फळीवरून चार ताटं काढली. वरची दोन रोजची होती. खालची दोन तिला धुऊन घ्यावी लागली.