मम म्हण, स्वरू

दहा फेऱ्या कधीच होऊन गेल्या होत्या. स्वरूपाच्या मनगटावरच्या पट्टीचा हिरवा दिवा विझायला हवा होता. तो विझला नाही. नऊ वर्षांची पोर तलावाच्या भिंतीला हात लावून वळली आणि पुन्हा पोहू लागली.

"गवसाने, ही थांबत का नाही?" डॉ. ताहेरा मुजावर यांनी विचारलं. सोलापूरच्या निर्धार प्रयोगशाळेच्या या प्रमुख, आणि निश्चयपट्टी ही त्यांचीच करणी.

अभियंता गवसाने पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "पट्टी ठीक आहे मॅडम. ध्येय पुरं झालं नाही, एवढंच ती सांगतेय."

"अहो, दहा फेऱ्याच म्हणाली होती ती! माझ्यासमोर!" हे स्वरूपाचे वडील, श्रीनिवास बोल्ली. तलावापासून चार हात लांब उभे, कारण स्वतःला पोहता येत नव्हतं. पोरीला मात्र आलंच पाहिजे.

आज, नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी, शहरातल्या चारशे मुलांना निश्चयपट्टी बांधली होती. कल्पना साधी. मूल आपलं ध्येय बोलतं, त्या क्षणी त्याच्या मेंदूत जी इच्छा सगळ्यात प्रखर असते तिचा पट्टी ठसा उमटवते. ती इच्छा पुरी होईपर्यंत कंटाळा आणि थकवा जाणवत नाही. पुरी झाली की ठसा पुसला जातो. भाज्या खा, लवकर झोपा, पळा, पोहा, आणि रडारड नाही! पालकांनी रांगा लावल्या. लावणारच.

"मग काढून टाका ना ती पट्टी!" बोल्ली ओरडले.

"काढून उपयोग नाही," मुजावर म्हणाल्या. "ठसा आता तिच्या डोक्यात आहे. आपोआप उतरायला संध्याकाळ होईल."

"बाहेर ओढा तिला!"

"मघाशी ओढून पाहिलं ना," गवसाने म्हणाला. जीवरक्षकाने धरल्यावर पोर जिवाच्या आकांतानं झुंजली होती, नाकातोंडात पाणी गेलं, आणि ठोके असे चढले की गवसानेनंच 'सोडा, सोडा' म्हणून आरडाओरडा केला होता. "ध्येयाच्या आड कोणी आलं की मेंदू सगळी ताकद पणाला लावतो. आणि तिचं हृदय आता फार वेळ दम धरणार नाही."

मुजावर बोल्लींकडे वळल्या. "सकाळी ध्येय कसं ठरलं? नीट सांगा."

"कसं म्हणजे? लहान आहे हो ती. पूजेत गुरुजी संकल्प सांगतात, आपण नुसतं मम म्हणतो. तसंच केलं. म्हटलं, मी सांगतो, तू मम म्हण. रोज दहा फेऱ्या पोहेन. ती म्हणाली, मम."

घ्या! मुलाचा संकल्प म्हणे. आपल्याकडे तो आईबाप करतात, मुलं फक्त मान डोलावतात. आणि हे साधं घरगुती सत्य एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेत कोणाला सुचलं नव्हतं.

"शब्द तुमचे होते," मुजावर हळूच म्हणाल्या. "तेव्हा ती बघत कुठे होती?"

"माझ्याकडे."

"मग ठसा पोहण्याचा नाहीच. बाबा खूश व्हावेत, हा आहे."

"एवढंच ना!" बोल्ली हात हलवत ओरडले, "शाब्बास स्वरू! बाबा खूश आहेत गं!" आणि बत्तिशी दाखवून हसले.

स्वरूपानं भिंतीशी मान वर केली, तो चेहरा पाहिला आणि वळली. तिला माहीत होतं. बापाच्या प्रत्येक शाबासकीला शेपूट असायचं. छान, पण ताईला जास्त मार्क होते. छान, पण हात सरळ नव्हते. नऊ वर्षं हा चेहरा वाचणाऱ्या पोरीला उसनं हसू कसं चालावं?

तेवढ्यात तिचे हात मंदावले. डोकं पाण्याखाली गेलं.

"स्वरू!" बोल्लींनी बुटासकट उडी टाकली.

पोहता येत नाही हे त्यांना पाण्यात पडल्यावर आठवलं. ते गटांगळ्या खाऊ लागले. काठ हातभर लांब होता, पण दिसणार कसा? जीवरक्षक पलीकडच्या टोकाकडून धावत होता. आणि स्वरूपा वर आली, वळली, फेरी सोडून सरळ त्यांच्याकडे आली. पट्टीच्या हिशेबानं ते बरोबरच होतं. बुडणारा बाप खूश होणार कसा? तिनं त्यांचा हात धरून कठड्याच्या दांडीवर ठेवला.

बोल्ली खोकले. समोर पोर होती, जिवंत, नाकातून पाणी गळत असलेली. "आहेस गं बाई! आहेस!" ते हसत होते, रडत होते, तिचे गाल चाचपत होते.

स्वरूपा त्यांच्या तोंडाकडे बघत 'पण'ची वाट पाहत राहिली. तो आलाच नाही.

दिवा विझला.

"बाबा, मी दमले," ती म्हणाली, आणि काठावर आल्या आल्या त्यांच्या मांडीवर झोपली. ठोके उतरत होते.

"मॅडम," गवसानेनं हाक मारली. पडद्यावर चारशे दिव्यांपैकी जवळजवळ सगळे हिरवेच होते. आणि फोन वाजत होता. मुजावरांनी तो स्पीकरवर घेतला.

"अहो, आमचा ओजस पालकाची भाजी खातोय," पलीकडून एक बाई रडत होती. "उलट्या होतायत, तरी वाटी पुढे करतोय! काय करू?"

मुजावर पडद्यावर ओजसचा दिवा शोधू लागल्या. ओलेचिंब बोल्ली म्हणाले, "इकडे द्या," आणि फोन हातात घेतला.

"ताई, वाटी राहू दे. त्याच्याजवळ बसा. आणि खोटं हसू नका, पोरं ओळखतात."

"मग करू काय?"

बोल्लींनी मांडीवरच्या पोरीच्या ओल्या केसांवरून हात फिरवला.

"त्याचं काय आवडतं तुम्हाला, ते आठवा. मला बुडताना आठवलं. तुम्ही जरा लवकर आठवा."