सोबतीला आलेली

कोल्हापुरात रक्त द्यायला कुणी एकटं येत नाही. सुई एकाला, पण जिना दोघं चढतात. म्हणून डॉक्टर अनुजाच्या राजारामपुरीतल्या लॅबमध्ये बाकडी जास्त, आणि म्हशीच्या ताज्या दुधाचा गेलास सोबत्यालाही ठरलेला.

काम हट्टाचं होतं. पांढऱ्या पेशींतल्या दोन जातींचं गुणोत्तर अंगात दाह असला की चढतं. कुठवर चढलेलं चालतं, ती मर्यादा मशीनबरोबर परदेशातून आलेली. तिच्या हिशेबानं कबनूरचा यंत्रमागवाला केरबा आजारी ठरला. ना ताप, ना खोकला, तरी गडी भीतीनंच वाळला. तेव्हा अनुजानं ठरवलं, इथल्या धडधाकट माणसांवरून इथली मर्यादा काढायची. आज दुपारी तज्ज्ञांची समिती ऑनलाइन बसणार होती. आणि रक्त द्यायला ठरलेल्यांतल्या एकाला सकाळीच ताप भरला. समितीनं घालून दिलेल्या संख्येत एक माणूस कमी. वर्षभराची मेहनत पाण्यात.

बाकावर जोतिबाची गुलालवाली चिमणाबाई दंड दाबून बसली होती. शेजारी एक शांत बाई.

"तुम्ही द्याल का रक्त?" अनुजानं तिला विचारलं. "कधी आजारी पडलात?"

"माज्या संगतीत कुणी आजारी पडत न्हाय."

"नाव काय लिहू?" रक्त काढणाऱ्या वर्षाराणीनं नवी सुई काढत विचारलं.

"सोबतीला आलेल्याचं कसलं नाव लिवतीस, पोरी?"

वर्षाराणीनं नळीवर लिहिलं, 'चिमणाबाईसोबत'. आकडा आला, तो बाकी धडधाकटांच्या आकड्यांच्या बरोबर मधोमध. अनुजाचा जीव भांड्यात पडला.

दूध पिऊन चिमणाबाई उठली, तेव्हा शेजारची जागा रिकामी होती.

"तुमच्या बाई पुढं गेल्या वाटतं?"

"आमच्या कुठल्या? आमची जाऊ खाली रिक्षात हाय. त्या तुमच्याच की! तुमच्या मागनंच जिना चढल्या न्हवं सकाळी?"

अनुजा एकटीच आली होती.

तिनं स्टँडमधली नळी उचलली. बाकीच्या नळ्यांत लाल पेशी तळाशी बसून वर पिवळं पाणी सुटलेलं. ही मात्र एकसारखी लाल. आणि उबदार.

बिननावाचं रक्त हिशेबात धरायचं नाही, हे तिनं ठरवलं. स्वतःचं रक्त आजवर टाळलेलं. आपलाच पेपर आपण तपासल्यासारखं वाटायचं. आता बाही वर केली.

"वर्षाराणी, घे माझं."

मशीननं आकडा दिला.

तोच. दशांशापर्यंत.

तिनं आपला आकडा यादीत भरून समितीला पाठवला.

दुपारी समितीनं इथली मर्यादा मान्य केली, आणि केरबाचा आकडा तिच्या आत बसला. केरबा निकाल ऐकायला आलाच होता.

"मॅडम, मी धड हाय व्हय?"

"ठणठणीत!"

केरबानं अशी आरोळी ठोकली की खालच्या क्लासची पोरं खिडकीत आली. वर्षाराणी रडत हसली. अनुजाला वाटलं, सगळं गाव आज एका झटक्यात बरं झालं.

"मॅडम, तुमचा गेलास," वर्षाराणी म्हणाली. "सोबतीचा बाकावर ठेवलाय."

"कुणाच्या सोबतीचा?"

"तुमच्याच की. आत्ता तर बसल्यात तिथं."

बाकावर कुणी नव्हतं. गेलास रिकामा होता. काठावरचा फेस अजून जिरायचा होता.